विहारयात्रा नव्हे, धम्मयात्रा!

सन १९३४ ची गोष्ट. बाबासाहेब आंबेडकर चळवळीतील सुमारे तीस सहकाऱ्यांसह प्रवासास निघाले होते. बाकीचा बेत काहीही ठरो, वेरूळची बौद्ध लेणी पाहावयाचीच, हा निश्चय झालेला होता. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. धुळीने माखलेली मंडळी किल्ल्यासमोरच्या तळ्यावर गेली आणि त्यांनी हातपाय धुतले. एवढ्यावरून तेथील मुसलमान जमाव धावून आला. धेडांनी तळे बाटविले असा एकच ओरडा झाला. अस्पृश्यतेचे विष एका धर्माच्या कुंपणापाशी थांबत नाही, हा त्या दिवसाचा अनुभव बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवला आहे. अखेर किल्ला पाहावयास परवानगी मिळाली. परंतु आत कोठेही पाण्याला हात लावावयाचा नाही या अटीवर, आणि ती अट पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी एक हत्यारबंद शिपाई बरोबर देऊन!

पडके अवशेष आणि जुनी शिल्पे पाहावयास जाणे ही अनेकांच्या दृष्टीने सुखवस्तू माणसाची हौस असते. आपल्या समाजाच्या वाट्याला ती हौस म्हणून कधी आलीच नाही. ज्याला किल्ला पाहण्यासाठी पहारा सोसावा लागला, त्याच्या मुलाबाळांना लेण्याच्या दारात निर्भयपणे उभे राहणे हाच एक हक्क आहे. आज तिकिटाच्या खिडकीवर जात विचारली जात नाही. १९५८ च्या प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियमाच्या १८ व्या कलमाने, नियमांच्या अधीन राहून, कोणत्याही संरक्षित स्मारकात प्रवेश करण्याचा हक्क जनतेस दिलेला आहे. 'जनता' या शब्दात आपण आलो, ही गोष्ट लहान नाही. परंतु मिळालेल्या हक्काचे आपण काय करतो, हा आजचा प्रश्न आहे; आणि त्याचे उत्तर समाधान देणारे नाही.

पावसाळ्यातील कोणत्याही रविवारी लोणावळ्याच्या बाजूला जाऊन पाहा. भाजे आणि कार्ले येथील पायऱ्यांवर माणसांची रीघ लागलेली असते. ती येते, ओली होते, कणसे खाते, खांबाला टेकून छायाचित्रे काढते आणि उतरते. त्या गर्दीत आपलीही मंडळी असतात. ज्या खांबाला पाठ टेकली, त्या खांबावर लिहिलेले काय, हे विचारण्याची इच्छा शंभरांत कितीजणांना होते?

या दोन तऱ्हांच्या जाण्यातील भेद बावीसशे वर्षांपूर्वी एका सम्राटाने दगडावर कोरून ठेवला आहे, आणि तो दगड आपल्या महाराष्ट्रातच सापडला आहे. मुंबईजवळचे नालासोपारा हे प्राचीन काळचे शूर्पारक बंदर. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना तेथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. तो आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. हा संपूर्ण लेख इतर ठिकाणच्या प्रतींवरून ज्ञात आहे. त्याचा आशय असा : पूर्वीचे राजे विहारयात्रेस निघत आणि मृगयेत व तशाच इतर करमणुकीत रमत. ('विहार' याचा अर्थ येथे मौजेसाठी हिंडणे असा आहे, भिक्षूंचे निवासस्थान असा नव्हे.) राज्याभिषेकास दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीस, म्हणजे बोधगयेस, गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. या यात्रेत श्रमणब्राह्मणांच्या व वृद्धांच्या भेटी घेऊन त्यांना दान द्यावयाचे. जनपदातील लोकांना भेटावयाचे, त्यांना धम्म सांगावयाचा आणि धम्माविषयी विचारपूस करावयाची.

वाचकहो, सम्राटाने केलेला हा भेद नीट ध्यानात घ्या. पाय तेच, वाट तीच, डोंगरही तोच असू शकेल. पाहणारा काय विचारतो, यावरून यात्रेची जात ठरते. आपण विहारयात्रेला जातो की धम्मयात्रेला?

विचारपूस करणाऱ्याच्या वाटेत पहिली धोंड येते ती नावांची. नाशिकजवळचा लेण्यांचा समूह घ्या. तेथील लेखांत त्या डोंगराचे नाव 'तिरण्हु', म्हणजे त्रिरश्मी, असे स्पष्ट कोरलेले आहे. तरीही तो समूह 'पांडवलेणी' म्हणून जगाला ठाऊक आहे. जेथे लेणे तेथे पांडव, जेथे मोठा खांब तेथे भीमाची गदा, जेथे न्हाणी तेथे द्रौपदीचे स्नानगृह! एके काळी हे क्षम्य होते. ब्राह्मी लिपी वाचणारा कोणी उरला नव्हता. अडाणी माणसाने अजस्र काम पाहिले आणि ते अजस्र वीरांच्या नावावर टाकले. त्याला मी दोष देत नाही. परंतु १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपीचा उलगडा केला. १८८१ साली बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातील लेण्यांच्या लेखांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यालाही आता जवळजवळ दीडशे वर्षे होत आली. दगड स्वतः आपले नाव सांगत असताना त्याला दुसऱ्याच नावाने हाका मारणे, याला आता अज्ञान म्हणता येत नाही. हा हट्ट आहे.

दुसरे उदाहरण वेरूळचे. तेथील १ ते १२ क्रमांकांची लेणी बौद्ध आहेत. त्यांपैकी आरंभीच्या लेण्यांना 'ढेडवाडा' आणि पाचव्या लेण्याला 'महारवाडा' असे म्हणत. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज संशोधकांच्या ग्रंथांत ही नावे नोंदली गेली आहेत. पावसाळ्यात आसपासचे महार तेथे आसरा घेत म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. हे पाचवे लेणे सुमारे ११७ फूट खोल आहे. दोन्ही बाजूंस खांबांच्या रांगा आणि मधोमध दगडाची दोन लांबलचक, बुटकी आसने. भिक्षू तेथे समोरासमोर बसून पठण किंवा भोजन करीत असावेत असे अभ्यासक मानतात. अस्पृश्य हे मूळचे बौद्ध होते, हा सिद्धांत बाबासाहेबांनी १९४८ साली आपल्या ग्रंथात मांडला. त्याविषयी विद्वानांत वाद आहे आणि मी त्या वादाचा निकाल येथे देऊ इच्छित नाही. मी एवढेच दाखवितो की, गावाने ज्याला आपल्या वेशीत घेतले नाही, त्याला पावसात छप्पर दिले ते तथागताच्या शिष्यांनी सोडून दिलेल्या घराने; आणि मग त्या घरालाही गावाने वेशीबाहेरचेच नाव देऊन टाकले. बाबासाहेब १९३४ साली वेरूळला निघाले होते आणि वाटेतल्या तळ्यावर त्यांच्या मंडळींना जी शिवी ऐकावी लागली, तीच शिवी या लेण्यांच्याही कपाळी मारलेली होती. याला योगायोग म्हणावयाचे असेल तर म्हणा.

आता लेखांत काय लिहिले आहे ते पाहू. कारण खरी संपत्ती तेथे आहे. आपल्याला शिकविण्यात आले की लेणी राजांनी कोरविली. राजांनी दान दिले हे खरेच. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात राजमाता गौतमी बलश्रीचा लेख आहे. परंतु त्याच डोंगरावरच्या आठव्या लेण्यात चला. तेथे लिहिले आहे की हे लेणे मुगूदास नावाच्या 'दासकाने' आपल्या परिवारासह दिलेले दान आहे. आणि दासक म्हणजे मासेमार, असा अर्थ विद्वानांनी लावला आहे. जाळे टाकून पोट भरणाऱ्या माणसाने डोंगरात घर कोरविले आणि राजमातेच्या शेजारी आपले नाव लिहिले; ते कोणी खोडले नाही!

दहाव्या लेण्यात शक क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने तीन हजार कार्षापणांची ठेव ठेवली. ती कोणाकडे? गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे. एकीकडे दोन हजार, शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे एक हजार, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही. केवळ व्याज वापरावयाचे. आणि त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावयाचे. राजघराण्यातला माणूस विणकऱ्यांच्या संघावर पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास टाकतो, ही या लेखाची साक्ष आहे. त्याच जागी पुढच्या काळातला, आभीर राजा ईश्वरसेनाच्या कारकिर्दीतला, आणखी एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने कारागिरांच्या श्रेणींकडे रकमा ठेविल्या. त्या श्रेणींत पाण्याची यंत्रे करणारे आहेत आणि तेली आहेत. हेतू कोणता? आजारी भिक्षूंना औषध मिळावे. एक स्त्री, जन्माने परकीय म्हणविली गेलेली, या डोंगरावर औषधाची सोय करून जाते! जातीच्या उतरंडीचे जे चित्र आपल्यापुढे सनातन म्हणून धरले जाते, त्या चित्रात हा लेख बसवून दाखवावा, असे माझे आव्हान आहे.

अशी नावे जागोजाग आहेत. कान्हेरीच्या लेखांत कल्याणचा लोहार नंद वाट बांधून देतो आणि कल्याणचाच सोनार सामिदत्त पाण्याचे टाके देतो. कार्ल्याचा चैत्य, देशातील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठा, वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने पूर्ण केला. पण त्याच्या दारावर धेनुकाकट गावच्या सामी सुताराचे नाव आहे, आणि आतल्या कित्येक खांबांवर त्याच गावच्या यवनांची नावे आहेत. सुतार, लोहार, सोनार, कोष्टी, तेली, मासेमार, गंधी, वैद्य, भिक्षुणी, यवन, शक : हा जनसमुदाय डोळ्यांपुढे आणा. जन्म विचारून येथे कोणाचे दान परत केलेले दिसत नाही. आपले पूर्वज मुके होते असे ज्यांना वाटते, त्यांना सांगा की श्रमणाऱ्या माणसाच्या नावांची एवढी मोठी यादी या भूमीवर दुसरीकडे शोधून दाखवा.

येथे एक सुशिक्षित गृहस्थ पुढे येतात आणि मोठ्या सौजन्याने सांगतात, "अहो, कलेला कला म्हणून पाहा. तिच्यात धर्म आणि जात कशाला आणता?" या गृहस्थांशी बोलताना संयम ठेवावा लागतो. कला आकाशातून पडत नाही. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पितळखोऱ्याला एक ठेंगू, हसऱ्या यक्षाची मूर्ती मिळाली. ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्या यक्षाच्या हातावर अक्षरे कोरलेली आहेत : ही मूर्ती कण्हदास नावाच्या हिरण्यकाराने, म्हणजे सोनाराने, घडविली. करणाऱ्याने आपले नाव आणि आपला धंदा मूर्तीच्या हातावर देऊन ठेवला असताना जो रसिक केवळ हसू पाहून परततो, त्याने अर्धीच कला पाहिली. नाव, धंदा, गाव आणि श्रद्धा पुसून जे उरते त्याला हे गृहस्थ शुद्ध कला म्हणतात. पुसून टाकण्याचा हा धंदा आपल्याला फार जुना ओळखीचा आहे.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो. कार्ल्याच्या चैत्याच्या दारासमोरच एकवीरा देवीचे मंदिर आहे. आपले काही उत्साही तरुण तेथे जाऊन भाविकांशी हुज्जत घालावयास उठतात. मी त्यांना हात जोडून सांगतो की हे करू नका. देवीला येणारा कोळी हा आपला वैरी नाही. तोही मागे ठेवलेल्यांपैकीच एक आहे. त्याला आदराने नाशिकला न्या. मुगूदासाचे आठवे लेणे दाखवा आणि म्हणा, "दादा, मासे धरणाऱ्या माणसाने हे घर दिले आहे, त्याने आपले नावही लिहिले आहे." भांडणाने जे होणार नाही ते या एका ओळीने होईल.

लेणी तरी जागेवर आहेत. संग्रहालयातील मूर्तीची स्थिती अधिक केविलवाणी. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ साली स्थापन झाले. लोक त्याला आजही 'अजब बंगला' म्हणतात. या नावातच आपली रीत सांगितलेली आहे : जावे, अजब म्हणावे आणि बाहेर यावे. मोठमोठ्या संग्रहालयांत काचेमागे बुद्धाचे मस्तक ठेवलेले असते. खाली चिठ्ठी असते : मस्तक, गांधार, दगड. वाचकहो, तेथे थांबा. मस्तक आहे तर धड कोठे आहे? ते तुटले की तोडले? कोणी उचलले, कोणाच्या परवानगीने आणले? हे प्रश्न उद्धटपणाचे नाहीत. भारतीय संविधानाच्या ५१ क या अनुच्छेदाने वैज्ञानिक दृष्टी आणि चौकस बुद्धी वाढविणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरविले आहे. काचेपुढे उभे राहून प्रश्न विचारणे हे त्या कर्तव्याचेच पालन होय.

प्रश्न विचारला नाही तर काय होते, ते पिप्रहवा प्रकरणाने दाखविले. तेथील स्तूपात १८९८ साली पेपे नावाच्या इंग्रज जमीनदाराने उत्खनन केले. अस्थिकलश निघाले, आणि त्यांच्यासह श्रद्धेने पुरलेली रत्नेही निघाली. त्या रत्नांचा एक वाटा त्याच्या घराण्याकडे राहिला, आणि मे २०२५ मध्ये तो हाँगकाँगला लिलावात निघाला! तथागताच्या अस्थींना वाहिलेली रत्ने, आणि त्यांवर बोली! जगभरच्या बौद्धांनी आवाज उठविला, भारत सरकारने नोटीस बजावली, लिलाव थांबला आणि जुलै २०२५ मध्ये ती रत्ने भारतात परत आली. आवाज उठला म्हणून परत आली, हे विसरू नका. आणि घराजवळचे काय? सोपाऱ्याच्या स्तूपातून १८८२ सालीच दगडी पेटी, तिच्यातील करंडक आणि त्याभोवती मांडलेल्या आठ लहान ब्राँझच्या बुद्धमूर्ती निघाल्या. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने त्या जपल्या आहेत. हाँगकाँगच्या वार्तेने खवळलेल्या आपल्यांपैकी किती जणांना या करंडकाची नुसती माहिती तरी आहे?

दुसऱ्यांना इतके बोल लावल्यावर स्वतःकडे पाहिले पाहिजे. मद्रास सैन्यातील जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी २८ एप्रिल १८१९ रोजी वाघाच्या शिकारीस निघाला असता त्याला अजिंठ्याची लेणी दिसली. त्याने काय केले? दहाव्या लेण्यातील चित्रित खांबावर आपले नाव आणि तारीख ओरखडून ठेविली! अशोकाने मृगयेला विहारयात्रा म्हटले ते उगीच नव्हे. पण स्मिथला हसण्यापूर्वी आपल्या गावाजवळच्या लेण्यात जा. तेथे बाण मारलेली बदामे कोणी कोरली? 'जयभीम' ही अक्षरे चुन्याने भिंतीवर कोणी रंगविली? मेणबत्त्यांच्या काजळीने छत कोणी काळे केले? ज्या भिंतीचे रक्षण करावयाचे तिच्यावरच घोषणा लिहिणे म्हणजे आजोबांच्या पत्रावर हिशेब मांडण्यासारखे आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा नासधुशीला दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. परंतु शिक्षेच्या भयाने नव्हे, लाजेने हे थांबले पाहिजे.

आणखी एक दोष आहे आणि तो अधिक धोक्याचा आहे. पांडवांची दंतकथा खोडून काढण्याच्या भरात आपलेच काही वक्ते दुसरी दंतकथा उभी करतात : दिसेल तो दगड बुद्धाचा, दिसेल ते मंदिर आपले! पुराव्यावाचून केलेला दावा पुराव्यासह केलेल्या दाव्यालाही बुडवितो. वेरूळला कैलास लेणे शैव आहे, ३० ते ३४ क्रमांकांची लेणी जैन आहेत. ती पाहा, त्यांच्या करणाऱ्यांचा गौरव करा. ज्याच्याजवळ त्रिरश्मीचा लेख आहे, त्याला खोटे बोलण्याची गरज काय?

म्हणून माझी मागणी आणि माझी विनंती अशी. मागणी शासनाकडे : प्रत्येक लेणीसमूहापुढे त्याचे लेखांतील प्राचीन नाव ठळक लिहावे, दंतकथेतले नाव द्यावयाचेच तर दंतकथा म्हणून द्यावे, आणि प्रत्येक दानलेखाशेजारी त्याचे सुबोध मराठी भाषांतर, दात्याचे नाव आणि धंदा यांसह लावावे. विनंती आपणास : वर्षातून एक दिवस विहारातील मुलांना घेऊन जवळच्या लेण्यात किंवा संग्रहालयात जा. जाण्यापूर्वी तेथील एक तरी लेख वाचून जा. ब्राह्मीची अक्षरे शिका. काही आठवड्यांच्या सरावाने ती ओळखू येतात. भिंतीला हात लावू नका, कचरा टाकू नका आणि परतल्यावर पाहिलेले चार माणसांना सांगा. धम्मयात्रेत विचारपूस जशी आहे, तसे सांगणेही आहे.

१९३४ साली आपल्या मंडळींबरोबर एक शिपाई चालत होता, त्यांनी कशाला हात लावू नये म्हणून. आज तो शिपाई नाही. वेरूळच्या पाचव्या लेण्यात, त्या लांब आसनांपाशी, आपली मुलगी निर्भयपणे उभी राहू शकते. तिने विचारावे, "बाबा, येथे कोण बसत होते?" आणि त्या वेळी आपल्याजवळ खरे उत्तर असावे. ते नसेल, तर तो दोष आता दुसऱ्या कोणाच्याही माथी मारता येणार नाही.